रॉकस्टारची शोकसभा

दिवसभर लोकांकडे पुरावे मागून ज्याचं पोट भरतं, त्याच्याकडे स्वतःच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका पराक्रमाचा पुरावा नसावा, यासारखी पंचाईत नाही. रॉककाकांची ती होती. ते विमा कंपनीत क्लेम मंजूर करायला बसायचे, म्हणजे खरं तर नामंजूर करायला. स्कूटर पडली म्हणता? फोटो आणा. पाण्याने सोफा कुजला म्हणता? सोफा आणा. आणि हेच गृहस्थ संध्याकाळी घरी आले, बूट काढून चपला घातल्या, की सोसायटीच्या बाकावर बसून सांगायचे की तरुणपणी आपण एका जगप्रसिद्ध रॉक गायकाबरोबर गायलो आहोत.

"बरोबर म्हणजे?" एखादा नवा भाडेकरू विचारायचा.

"बरोबर म्हणजे बरोबर! तो इथे आला होता. मी अगदी पहिल्या रांगेत. गात गात स्टेजच्या कडेला आला, वाकला, आणि माईक सरळ माझ्या तोंडासमोर धरला. पुढची ओळ मी गायली. अहो, शूटिंग झालंय त्याचं. डॉक्युमेंटरीवाले कॅमेरे घेऊन फिरत होते ना त्याच्या मागे."

"मग ती डॉक्युमेंटरी कुठंय?"

इथे रॉककाकांना हमखास ठसका लागायचा.

रॉककाका हे नाव सोसायटीनेच ठेवलेलं. त्यात कौतुक किती आणि कुचेष्टा किती, हे ते शहाण्या माणसासारखे कधी तपासायला गेले नाहीत. बायकोने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ती गोष्ट ऐकली आणि "असेल बाई" म्हणून बाजूला ठेवून दिली, ती आजतागायत तिथेच होती. या कुणाचं रॉककाकांना फारसं लागत नव्हतं. लागायचं ते लेकीचं. सातवीत असताना ती मोठ्या ऐटीत वर्गात सांगून बसली, "माझ्या बाबाने त्याच्याबरोबर गाणं म्हटलंय." बाईंनी विचारलं, "फोटो आहे?" नव्हता. वर्ग हसला, आणि शाळा सुटेपर्यंत पोरांनी तिला 'थापा' ही एकच हाक मारली. त्या दिवसापासून लेकीचा बापावरचा विश्वास जो उडाला तो उडालाच. आता ती नोकरीला लागली होती, पण रॉककाकांनी नुसतं "बाहेर भुरभुर चालू आहे, छत्री घे" म्हटलं तरी ती आधी खिडकीतून हात बाहेर काढून बघायची. तो हात बघितला की रॉककाका स्वतःच छत्री आणून दाराशी ठेवायचे.

तर असा सगळा मामला थंडपणे चालला असताना तो गायक वारला.

माणूस गेला की त्याच्यावर सिनेमे उगवतात. वर्षभरात इतके आले की लेकीच्या लॅपटॉपला घाम फुटला. एका सिनेमात भलताच कुणी नट केसांचा टोप घालून तो झाला होता आणि दर प्रसंगात आरशात बघून रडत होता. एक माहितीपट त्याच्या बालपणावर होता. त्यात त्याचे पी.टी.चे मास्तर, हा पोरगा रांगेत कधी नीट उभा राहिला नाही, एवढंच निरनिराळ्या खुर्च्यांवर बसून सांगत होते. एक नुसता त्याच्या गिटारींवर. एक चक्क त्याच्या स्वयंपाक्यावर. शिवाय एक जुना सिनेमा सापडला, त्यात त्याने स्वतःच इन्स्पेक्टरचं काम केलं होतं. मध्यंतराच्या आत त्याला गोळी लागते, ते बरं होतं. रॉककाकांनी सगळे बघितले. डोळे फाडफाडून, नाक पडद्याला लावून बघितले. गर्दी दिसली की थांबवायचं, मागे घ्यायचं, पुन्हा बघायचं. ते कुठेच नव्हते.

"अहो, त्या स्वयंपाक्याच्या सिनेमात तुम्ही कुठून असणार?" बायको म्हणाली.

"बघायला काय जातंय?"

"डोळे जातात."

शेजारी रॉककाकांच्या आई बसलेल्या असायच्या. आईंना ऐकू येत नव्हतं. तसं कानाचं यंत्र होतं, चांगलं महागातलं, पण ते शिट्टी मारतं म्हणून आईंनी त्याला कपाटात मोज्यांखाली ठेवून दिलं होतं. त्यांचं काही अडत नव्हतं. समोरच्याचं तोंड बघून त्या सगळं बोलणं ओळखायच्या. टीव्हीचा आवाज बंद ठेवून मालिका बघायच्या आणि वर ऐकू येणाऱ्यांना कथानक समजावून सांगायच्या. सुनेला कुरकुरायचं झालं तर बिचारीला फ्रिजचं दार उघडून आत तोंड घालावं लागायचं. त्या केसाळ गायकाकडे बघून मात्र आई म्हणायच्या, "ह्याचं काही कळत नाही बाई. पोटात दुखतंय का ह्याच्या?"

आणि मग एके दिवशी बातमी आली. त्या जुन्या दौऱ्याची डॉक्युमेंटरी, अख्खी, पूर्वी कापलेल्या भागांसकट, डिस्कवर निघाली होती. रॉककाकांनी त्याच संध्याकाळी मागवली आणि त्याच संध्याकाळी बाकावर जाऊन जाहीर केलं. इथे थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण सेक्रेटरी हसले. सोसायटीच्या सेक्रेटरींचं हसणं फार वाईट होतं. त्याला आवाज नसायचा, नुसतं पोट हलायचं. त्या दिवसांत सोसायटीच्या पंपाचं आपोआप चालू होणारं बटण बिघडलं होतं आणि पहाटे उठून पंप चालू करायला कुणी तयार नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, "रॉककाका, डॉक्युमेंटरीचं राहू द्या, पंपाचं बघा कुणी मिळतं का."

रॉककाका पेटले. "मी त्या डॉक्युमेंटरीत गाताना दिसलो नाही, तर वर्षभर पंप मी चालवीन!"

"सगळ्यांनी ऐकलं ना?" सेक्रेटरी उभेच राहिले. सगळ्यांनी ऐकलं होतं. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनीही माना हलवल्या.

डिस्क आली ती रॉककाकांच्या हाती पडलीच नाही. फाटकापाशीच सेक्रेटरींनी पाकीट ताब्यात घेतलं. "बघायची तर सगळ्यांसमोर. तोवर सोसायटीच्या कपाटात राहील. तुमच्यावर अविश्वास नाही हो, पण हल्ली कंप्युटरवर कुणालाही कशातही घालता येतं. आमच्या भाच्याने मला सिंहावर बसवलंय."

"अहो, निदान मी आहे की नाही एवढं तरी आधी बघू द्या!"

"म्हणजे तुम्हालाही खात्री नाही?"

रॉककाकांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात तीन बऱ्यापैकी क्लेम नामंजूर केले.

आता डिस्क लावायची कशावर? लेकीच्या लॅपटॉपला डिस्क घालायला फटच नव्हती. अख्ख्या सोसायटीत डिस्क लावायचं यंत्र शोधून सापडेना. ज्यांच्याकडे होतं त्यांनी भंगारात दिलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाने "अहो, मागच्याच महिन्यात टाकलं, आधी सांगायचं नाही का!" असं रॉककाकांवरच डाफरून घेतलं. चालू यंत्र एकाच घरात निघालं. तळमजल्यावर. जजसाहेबांकडे.

जजसाहेब जज नव्हते. कोर्टात स्टेनो होते. उभा जन्म दुसऱ्यांनी सांगितलेले निकाल लिहून घेतल्यावर निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःचे द्यायला सुरुवात केली होती. त्यांचा खरा वैरी म्हणजे आवाज. पोरांचा चेंडू, कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावर सरकलेली खुर्ची, सगळ्यावर त्यांची तक्रार तयार. रॉककाका यंत्र मागायला गेले तेव्हा त्यांनी ते फडक्याने पुसत शांतपणे विचारलं, "कसलं संगीत म्हणालात?"

"रॉक."

"मोठ्याने असतं ते?"

"नाही म्हणजे... असतं थोडं."

"यंत्र देतो. मी स्वतः घेऊन येईन, स्वतः लावीन, रिमोट माझ्या हातात राहील. पण गच्चीवर दहा माणसं जमवून आवाज करायचा म्हणजे पोलिसांची परवानगी लागते. ती आणा."

"अहो, सोसायटीच्या गच्चीवर?"

"कायदा गच्चीपर्यंत जातो," जजसाहेबांनी निकाल दिला आणि दार लावून घेतलं.

परवानगीबद्दल सोसायटीत प्रत्येकाला काही ना काही माहीत होतं. एक म्हणाले पोलीस स्टेशनला जा, एक म्हणाले आधी वॉर्ड ऑफिसला जा, एक म्हणाले कुठेच जाऊ नका, माझं नाव सांगा. रॉककाका या तिघांचंही ऐकून अर्धा दिवस रजा टाकून फिरले. वॉर्ड ऑफिसने सांगितलं, हे आमच्याकडे येत नाही. नाव सांगून पाहिलं तिथे, "कोण ते?" असं विचारलं गेलं. शेवटी घामाघूम होऊन ते पोलीस स्टेशनच्या बाकावर टेकले. समोर हवालदार कार्यक्रमांच्या परवानग्या देत बसले होते.

"कसला कार्यक्रम?"

"डॉक्युमेंटरी दाखवायचीय. गच्चीवर."

"म्हणजे लग्न?"

"नाही हो."

"वाढदिवस? प्रचारसभा?"

"नाही! एका गायकावरचा माहितीपट आहे."

"गायक येणार आहे? येणार असला तर बंदोबस्त लागेल. ती खिडकी वेगळी, आणि साहेब आज रजेवर आहेत."

"तो कसा येईल? वारला तो. गेल्या वर्षी."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. चेहरा एकदम मऊ झाला. "अरेरे. जवळचे होते?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. बायकोने नाही, लेकीने नाही. रॉककाकांना भरूनच आलं. "जवळचेच म्हणायचे," ते म्हणाले, आणि हाताने अंतर दाखवलं. "इतक्या जवळ."

"मग असं सांगायचं ना आधी. शोकसभा!" हवालदारांनी भराभर लिहिलं, शिक्का मारला, कागद पुढे केला. "काळजी घ्या. होतं असं. घरच्यांनाही सांभाळा."

बाहेर येऊन रॉककाकांनी कागद वाचला आणि कपाळावर हात मारला. पण परत आत जाऊन 'शोक नाही हो मला' असं सांगायचं, म्हणजे पुन्हा रांग, पुन्हा लग्न, पुन्हा वाढदिवस. शिक्का तर आहे! शिक्का असला की झालं, असं मनाशी म्हणत ते घरी आले आणि कागद सेक्रेटरींना दिला. सेक्रेटरी हे कागदाला फार मानणारे. त्यांनी त्यावरूनच सूचना टाईप करून फळ्यावर लावली: 'आपल्या सोसायटीतील रॉककाका यांच्या अत्यंत निकटच्या व्यक्तीच्या दुःखद निधनानिमित्त शनिवारी संध्याकाळी गच्चीवर शोकसभा. सर्वांनी आपापल्या खुर्च्या आणाव्यात.'

शुक्रवारी रॉककाका ऑफिसात होते. पलीकडच्या इमारतीतल्या बाई पडेल चेहऱ्याने वर आल्या आणि दार उघडणाऱ्या व्यक्तीचा हात धरून म्हणाल्या, "फार वाईट झालं हो. शेवटी फार त्रास झाला का त्यांना?" मग त्यांनी मान वर केली. दार आईंनी उघडलं होतं.

"कुणाला त्रास?" आईंनी त्यांच्या ओठांकडे बघत विचारलं. "मला? गुडघा सोडला तर काही नाही. आत या."

दुपारपर्यंत अशी बरीच मंडळी येऊन गेली. प्रत्येकाला आई बघितल्यावर दचकायला व्हायचं, आणि मग दचकलो नाही हे दाखवायला चहा प्यावा लागायचा. घरातलं दूध संपलं. शेवटी आईंनी दारातच खुर्ची टाकली आणि जिन्यावरून येणाऱ्याला लांबूनच हात हलवायला लागल्या. संध्याकाळी रॉककाका घरी आले तेव्हा कुणाकडून तरी बातमी कळलेले ऑफिसातले दोघे हार घेऊन त्यांच्याच मागून जिना चढत होते.

"हा कुणाला?" आईंनी विचारलं.

"तुम्हालाच, आजी," त्यातला हजरजबाबी होता तो म्हणाला. आईंनी हार ठेवून घेतला. रॉककाकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. बायको फ्रिजमध्ये तोंड घालून बराच वेळ काहीतरी शोधत होती.

शनिवारी अंधार पडल्यावर गच्ची भरली. खरी गोष्ट आता सगळ्यांना कळली होती, पण शोकसभेच्या निमित्ताने चेहरे घालून आलेले लोक ते उतरवायला तयार नव्हते. दोन काठ्यांना बायकोची चांगली चादर बांधली होती. ती देताना तिने "डाग पडला तर बघा" एवढंच म्हटलं होतं. प्रोजेक्टर लेकीने ऑफिसातून आणला होता. आई पहिल्या रांगेत. लेक मागे कठड्याला टेकून, हाताची घडी घालून उभी. ती घडी रॉककाकांनी चोरून दोनदा बघितली.

तेवढ्यात सेक्रेटरी पुढे होऊन बोलायलाच लागले. "कैलासवासी रॉकस्टार यांचा आणि माझा प्रत्यक्ष परिचय नव्हता. तरी ते अत्यंत मनमिळाऊ होते. गिटार फोडण्याची त्यांना सवय होती असं ऐकतो, पण मनाने निर्मळ. त्यांच्या जाण्याने सोसायटीत पोकळी निर्माण झाली आहे." मग सगळ्यांना उभं करून दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. रॉककाकांना वाटलं, ही चादर ओढून घ्यावी आणि तोंडावरून पांघरून तिथेच आडवं व्हावं.

अखेर जजसाहेबांनी रिमोट दाबला. चादरीवर उजेड पडला, गिटारचा पहिला दणका असा बसला की टाकीवरची कबुतरं उडाली, आणि जजसाहेबांनी तिथल्या तिथे आवाज बंद केला.

"अहो, हे काय?"

"परवानगीच्या कागदाची मागची बाजू वाचलीत?" जजसाहेबांनी खिशातून त्याची प्रत काढली. "शोकसभेस ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई. उपस्थितांनी शांतता राखावी. बारीक अक्षरात आहे."

कागदाच्या मागच्या बाजूचं बारीक अक्षर! याच बारीक अक्षरावर बोट ठेवून रॉककाकांनी आजवर कितीतरी सोफे आणि स्कुटरी परत पाठवल्या होत्या. ती प्रत उलटसुलट करून बघत ते खाली बसले.

तर अशा रीतीने जगातल्या सगळ्यात कर्कश्श माणसाची डॉक्युमेंटरी संपूर्ण शांततेत सुरू झाली. चादरीवर तो केसाळ गायक उड्या मारत होता, ड्रमवाला जिवाच्या आकांताने बडवत होता, आणि गच्चीवर फक्त कुणाची तरी खुर्ची करकरत होती. काचेच्या पेटीतले मासे बघावेत तसे लोक बघत होते.

"आता काय करतोय तो?" मागून कुणी विचारलं.

"गातोय," रॉककाका दात खाऊन म्हणाले.

"आणि आता?"

"गातोच आहे!"

"एकच गाणं आहे का?"

मजा येत होती फक्त आईंना. आवाज नाही हे त्यांना कळलंच नव्हतं. "हा ड्रमवाला बघा, ह्याला कुणी घरी जेवायला घालत नाही," असं त्या अधूनमधून सगळ्यांना सांगत होत्या. गावामागून गावं गेली. कुणी जांभया दिल्या, कुणी खुर्ची उचलून हळूच जिन्याकडे वळलं. सेक्रेटरींनी पंपाची किल्ली काढून बोटाभोवती फिरवायला सुरुवात केली.

आणि चादरीवर आपल्या शहराचं नाव आलं.

रॉककाका उठून उभे राहिले. खाली बसा, खाली बसा, असा गलका झाला. मैदान दिसलं, स्टेज दिसलं. गायक स्टेजच्या कडेला आला, वाकला. कॅमेरा त्याच्या हाताबरोबर खाली आला आणि माईकसमोर एक पोरगा आला. काडीसारखा, डोक्यावर केसांचं टोपलं.

"कुठे आहात तुम्ही?" सेक्रेटरी म्हणाले. "हा तर कुणी केसवाला आहे."

"कान बघा!" बायको एकदम ओरडली. "अहो, कान बघा कान! हेच आहेत!"

ते कान दुसऱ्या कुणाचे असणं शक्यच नव्हतं. गच्चीवर टाळ्या पडल्या. लेकीच्या हाताची घडी सुटली होती. रॉककाकांना तिच्याकडे बघायचं होतं, पण चादरीवरून नजर हलेना, कारण आता ते गाणार होते.

चादरीवरच्या पोराने तोंड उघडलं. उघडलेलंच ठेवलं. गायकाने भुवया उडवल्या, माईक आणखी पुढे केला. मग पोराचे ओठ एकदा, अगदी एकदाच, हलले आणि मिटले. गायक हसला, सरळ झाला, आणि निघून गेला.

"झालं?" सेक्रेटरींनी विचारलं. "दिसलात, मान्य. पण ठरलं होतं गाताना दिसायचं. गायलात कुठे?"

"ओठ हलले की!"

"एवढ्यात ओळ होते?"

"लहान होती ओळ!"

जजसाहेबांनी न सांगता प्रसंग मागे घेतला, पुन्हा लावला, मग तिसऱ्यांदा लावला. ते आता खुर्चीच्या टोकावर आले होते. शेवटी त्यांनीच इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "जरा आवाज लावून बघू. पुरावा म्हणून. माझी हरकत नाही." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आवाज वाढवला. स्पीकरमधून नुसती हजारो लोकांची आरोळी आली. त्या पोराच्या तोंडून काय बाहेर पडलं, ते त्या आरोळीत बुडून गेलं होतं.

"कशाला चौथ्यांदा तेच लावताय?" आईंनी मागे वळून सगळ्यांना विचारलं. "कळलं की तो काय म्हणाला ते."

लेक धावत पुढे आली आणि आजीसमोर वाकली. "काय म्हणाला, आजी?"

"'आई' म्हणाला."

"आई, काहीतरीच काय!" रॉककाका किंचाळले. "इंग्लिश गाणं होतं ते!"

"मला काय करायचंय इंग्लिश. लहानपणी जिन्यावरून पडलास की असाच करायचास. आधी तोंड उघडून बघत राहायचास, आणि मग 'आई'. लाव रे पुन्हा."

पुन्हा लावलं. आता सगळ्यांनीच ओठ बघितले. दुसरं काही असूच शकत नव्हतं. आ, आणि ई. गच्ची अशी हसली की सेक्रेटरींच्या हसण्यालासुद्धा आवाज फुटला. रॉककाका चादरीकडे बघत होते. इतकी वर्षं ज्या ओळीचा शब्दन् शब्द त्यांनी लोकांना सांगितला होता, ती त्या पोराच्या तोंडून निघालीच नव्हती. उजेडाने दिपलेलं, घाबरून पांढरंफटक पडलेलं ते तोंड त्यांना आता ओळखीचं वाटलं. त्यांना त्या पोराचा राग आला, आणि मग त्याची दयाही आली.

"हसता काय?" आईंनी सगळ्या गच्चीला दटावलं. "एवढी माणसं, एवढा मोठा तो गायक, आणि माझ्या पोराला आठवलं कोण? तुमच्या पोरांना असं विचारा जाऊन!" आणि ऑफिसातल्यांनी आणलेला तो हार पिशवीतून काढून त्यांनी लेकाच्या गळ्यात घातला. त्यापाठोपाठ सेक्रेटरींनी पंपाची किल्ली हातात ठेवली.

लोक खुर्च्या घेऊन उतरले. रॉककाका गळ्यात हार आणि हातात किल्ली घेऊन टाकीच्या पायरीवर बसून राहिले. लेक येऊन शेजारी टेकली. हसून हसून तिचे डोळे लाल झाले होते.

"गायलो नाही गं मी," ते म्हणाले.

"नाही गायलास. पण होतास ना, बाबा." तिने मोबाईल पुढे केला. चादरीवर थांबवलेल्या त्या तोंडाचा फोटो तिने शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'बाईंना सांगा, फोटो मिळाला.'

बायको चादर सोडवत होती, ती म्हणाली, "डाग पडलाय."

सोमवारी पहाटे रॉककाका डोळे चोळत, कुणाकुणाला शिव्या घालत अंगणापलीकडच्या पंपाच्या खोलीत उतरले. पंपाने आधी खोकून घेतलं आणि मग असा घरघरायला लागला की भिंत थरथरली. मागे बघतात तो लेक, तोंडाला टूथपेस्ट लागलेली. तिने ब्रश धुतला, दोन पावलं पुढे आली, वाकली, आणि तो माईकसारखा त्यांच्या तोंडासमोर धरला.

"काय हे?" रॉककाका वैतागले. "सकाळी सकाळी!"

तिला ऐकू गेलं नाही. पंपाच्या आवाजात काहीच ऐकू जात नव्हतं. ती नुसती ब्रश धरून उभी होती. रॉककाकांनी इकडेतिकडे बघितलं, घसा साफ केला, आणि पायजम्याची नाडी सावरत ती ओळ, अख्खी, पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली.

वर बाल्कनीत आई दात घासत उभ्या होत्या. त्यांनी वाकून उघड्या दारातून बराच वेळ बघितलं. मग आत वळून सुनेला हाक मारून म्हणाल्या, आणि त्यांचं बोलणं नेहमी अख्ख्या सोसायटीला ऐकू जायचं, "अगं, ऐकलंस का? आज मला हाक नाही मारली. आज गातोय तो!"